तुंगाळीच्या म्हशी

आमच्या गजरा म्हशीच्या शिंगांना पलिते बांधलेले मला दिसले, तेव्हा मी गळ्यात हार घालून स्टेजवर बसलो होतो. पलिते अजून पेटलेले नव्हते.

दिवाळी पाडव्याची दुपार होती, चारचा सुमार. शाळेच्या मैदानावर गावच्या म्हशी एकेक करून येत होत्या. ज्यांनी आमच्या कोल्हापूरकडचा पाडवा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, त्या दिवशी आमच्यात मान म्हशीचा असतो. आठ दिवस आधीपासून त्यांना भादरून, तेल चोळून तुकतुकीत करतात. शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात. मग मालक पुढे मोटारसायकल दामटतो आणि म्हैस त्याच्या मागे पळते. दावं नाही, काठी नाही, नुसत्या हाकेवर. हजार माणसांच्या गलक्यात ती आपल्या माणसाचा आवाज बरोबर उचलते आणि तिकडेच धावते. ज्याची म्हैस हाकेला आली नाही, त्याला गाव वर्षभर चिडवतं.

त्या वर्षी पाडव्यालाच गावाने माझा सत्कार ठेवला होता. माझ्या ‘तुंगाळीचा वेढा’ या कादंबरीला पुण्यातल्या एका संस्थेचा पुरस्कार मिळाला होता. गावात कादंबरी वाचलेली माणसं असतील पाच-सहा, पण अभिमान पाच-सहाशेंना होता. घाटगे गुरुजी माझे मराठीचे मास्तर. त्यांनी जाड भिंगांचा चष्मा पुसून माईक हातात घेतला आणि पुस्तक डोळ्यांपाशी नेलं. ते पान एकशे बारा वाचणार होते.

एकशे बारा हे पान न वाचणाऱ्यांनाही ठाऊक होतं. तुंगाळीच्या गढीला शत्रूचा वेढा पडलाय, आतला दाणागोटा संपलाय. गढीतला म्हातारा गवळी आपल्या ऐंशी म्हशींच्या शिंगांना तेलाचे पलिते बांधतो, पेटवतो आणि दरवाजा उघडून म्हशी छावणीवर सोडतो. आगीचा लोंढा अंगावर येतोय असं वाटून शत्रू पळत सुटतो आणि वेढा उठतो.

“सज्जनहो,” गुरुजी म्हणाले, “आपल्या ईश्वरा पोवारांच्या लेखणीतून आता आपण तो प्रसंग डोळ्यांनी बघणार आहोत.”

डोळ्यांनी म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नाही. मैदानाच्या फाटकातून माझा धाकटा भाऊ पिराजी आत आला. भगवा पटका, पांढरा सदरा, बसलेला जुन्या राजदूत मोटारसायकलवर. मागे गजरा. तिच्या पाठीवर गोणपाटाचं ओलं बारदान होतं आणि दोन्ही शिंगांच्या टोकांना चिंध्यांचे बोळे.

हे कसं झालं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

घरात आम्ही तिघं: मी, पिराजी आणि त्याची बायको तानू. माझं लग्न राहून गेलं. गोठ्यात नऊ म्हशी. वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होतो आणि पिराजी दुसरीतून शाळा सोडून गोठ्यात रमलेला होता. वाटणी अशी झालीच नाही. हळूहळू तो धारा काढू लागला, वैरण आणू लागला, दूध घालू लागला आणि मी लिहू लागलो. सकाळी शेण काढायला मी हात लावायचो, नाही असं नाही. पण दहा वाजले की तोच म्हणायचा, “आण्णा, जा आता तू. लिवायचं ऱ्हाईल.”

पुरस्कारानंतर एका बाईंनी माझी मुलाखत घेतली. त्यांनी विचारलं, “गोठा आणि इतिहास, दोन्ही कसं जमवता?” मी चांगलं दहा मिनिटं बोललो. मातीचा वास, परंपरा, काय वाट्टेल ते बोललो. खरं उत्तर एका शब्दाचं होतं, पिराजी. ते मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्या दिवशी मी ते दिलं नसतं. मी तेव्हा फार खूश होतो स्वतःवर.

त्याला वाचता येत नव्हतं म्हणून लिहून झालेलं प्रकरण मी संध्याकाळी गोठ्यात वाचून दाखवायचो. मी गव्हाणीच्या कठड्यावर बसायचो, तो गुडघ्यांत कासंडी धरून धार काढायचा. म्हशींना माझ्या आवाजाची इतकी सवय झाली होती की मी दोन दिवस परगावी गेलो तर एखादी पान्हा चोरायची. पिराजी चेष्टेनं म्हणायचा, “वाचक तुझं नऊ. आन मी दहावा.”

पुढे एकशे बाराव्या पानावर छापला गेलेला तो प्रसंग वाचला त्या संध्याकाळी तो गजराच्या कासेला बसला होता. गजरा त्याची लाडकी. पहिलटकरू असताना तिला कोणी हात लावू देईना, तेव्हा हा पंधरा दिवस तिच्याजवळ पोतं टाकून झोपला होता. मी वाचत गेलो तशी धारेची लय मंद झाली आणि शेवटी थांबलीच.

“आण्णा, म्हस जाळ बगून बिथरती,” तो म्हणाला.

“त्या सरावाच्या होत्या,” मी म्हणालो. मला राग आला होता. इतका रंगलेला प्रसंग, आणि ह्याला काय दिसावं तर हे!

“सरावाच्या व्हय.” त्याने ते मनात ठेवून घेतलं. “आन पुढं त्येंचं काय झालं?”

“कुणाचं?”

“म्हशींचं. लढाई झाली, वेढा उठला. समदी नाचाय लागली. पर त्या ऐंशी म्हशींचं काय झालं? भाजल्या आसतील की रं.”

मी त्यांचा विचारच केला नव्हता. एका गवळ्याच्या पोटी जन्मलेला माणूस मी, ऐंशी म्हशी पेटवून दिल्या आणि पुढच्या ओळीत सरदाराच्या तलवारीकडे वळलो. पण तसं कबूल कोण करतो.

“कागदात बघून सांगतो,” मी म्हणालो.

माझ्या खोलीत जुन्या कागदांची दोन ट्रंका भरून रद्दी होती. मोडीतले कागद, सनदा, पत्रं. पिराजी त्या ट्रंकांना दिवाळीत हळदकुंकू वाहायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याला नवं वाक्य वाचून दाखवलं: ‘आणि नवल असे की, त्या ऐंशीपैकी एकीच्याही अंगाला चटका बसला नाही.’

“बरं झालं बाबा,” तो म्हणाला आणि पुन्हा धार काढू लागला.

तर असा पिराजी त्या दुपारी मैदानात आला. स्टेजसमोर येऊन त्याने गाडी थांबवली, माझ्याकडे बघितलं आणि हसला. लहानपणी चिंचेवर चढून वरून हसायचा, तसाच. मग खिशातून काड्यापेटी काढली.

आता जे सांगतो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला ओरडायला वेळ होता. त्याने पहिली काडी ओढली ती वाऱ्यानं विझली. दुसरीही विझली. तिसरीच्या वेळी त्याने गाडीच्या आडोशाला वाकून पलिता पेटवला, मग फिरून दुसऱ्या बाजूचा. तेवढ्या वेळात मी दहा वेळा ओरडू शकलो असतो. मी ओरडलो नाही, कारण मला ते आवडलं होतं. माझं पान समोर उभं राहत होतं. वर्तमानपत्राचा फोटोवाला पुढे सरकला, तर मी हार सारखा केला. हे मी केलं. हार सारखा केला!

गुरुजींनी वाचायला सुरुवात केली. पिराजीने गाडीला किक मारली आणि हाक दिली, “हां ये! ये गजरे, ये!”

गजरा पळाली. पहिली पंधरा-वीस पावलं असं काही दिसलं की गावाने श्वास रोखला. काळीशार म्हैस, डोक्यामागे दोन ज्वाळा. टाळ्या सुरू झाल्या. मीही टाळ्या वाजवत होतो.

आणि मग मला तिची शिंगं दिसली. म्हणजे तोवर ती मी रोज बघतच होतो. पण आमच्याकडच्या पंढरपुरी म्हशीची शिंगं वर जात नाहीत, पुढेही येत नाहीत. ती मागे वळून मानेला लागून खांद्यांपलीकडे जातात. गजराची तर पार पाठीला टेकायची. पान एकशे बारावर मी ‘आकाशाकडे रोखलेली शिंगे’ असं लिहिलं होतं. बैलाची शिंगं लिहिली होती मी. जन्म गोठ्यात काढून टेबलाशी बसल्यावर मला साधी म्हैस आठवली नव्हती. पलिते तिच्या डोक्यावर नव्हते, पाठीवर होते. पळताना बारदान घसरून खाली पडलं आणि जळतं तेल ठिबकू लागलं.

ती ओरडली. म्हैस तशी ओरडते हे मला माहीत नव्हतं.

माणसं उधळली. बायका पोरांना कवेत घेऊन भिंतीकडे पळाल्या. कडेला बांधलेल्या बाकीच्या म्हशी दावी तोडू लागल्या. मी उठून उभा राहिलो आणि उभाच राहिलो. पिराजीने गाडी टाकून दिली, वळला आणि हात पसरून मैदानाच्या मध्यावर उभा राहिला. मला वाटलं आता हा बाजूला होईल. तो झाला नाही. तो हाका मारत राहिला.

“ये गजरे! हितं ये! माझ्याकडं ये, माझ्याकडं!”

तो गप्प झाला असता तर ती वाट फुटेल तिकडे, गर्दीत घुसली असती. त्याला ते कळत होतं. तिला एकच गोष्ट शिकवलेली होती, काहीही झालं तरी या आवाजाकडे यायचं. आणि ती आली. पेटलेली, डोळे पांढरे झालेली ती म्हैस त्याच्यापुढे येऊन थांबली. चारही पाय लटलट कापत होते, पण थांबली. पिराजीने दोन्ही हातांनी पलिते धरले. ते सुटेनात. पळताना निसटू नयेत म्हणून त्याने ते तारेनं आवळले होते, नीट, चार-चार वेढे देऊन. त्याची सगळीच कामं नीट असायची. जळत्या बोळ्यांत बोटं घालून तो तारेचे पीळ सोडवत राहिला, आणि तोंडानं तिच्याशी बोलत राहिला.

हे सगळं चाललं असताना लाऊडस्पीकरवरून गुरुजींचा आवाज येतच होता. त्यांनी पुस्तकातून मान वर केलेली नव्हती. बाहेरचा गलका त्यांना दाद वाटत असणार. त्यांनी शेवटचं वाक्य सावकाश, ठासून वाचलं.

“आणि नवल असे की, त्या ऐंशीपैकी एकीच्याही अंगाला चटका बसला नाही.”

त्याच क्षणी कुणीतरी घोंगडं घेऊन धावलं, कुणी मातीची घमेली आणली, कुणी पिराजीला मागे ओढलं. मी स्टेजवरून कधी उतरलो ते आठवत नाही. गळ्यात हार तसाच होता. पिराजीजवळ पोचलो तेव्हा त्याने हात माझ्यापासून लांब धरले, मला दिसू नयेत असे. “आण्णा, तिच्याकडं बग आदी,” एवढंच म्हणाला.

कोल्हापूरच्या दवाखान्यात त्याला नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हात वाचतील, पण बोटं पहिल्यासारखी मिटणार नाहीत. “काम काय करतात हे?” त्यांनी विचारलं.

“धारा काढतो,” मी म्हणालो.

गजरासाठी गुरांचे डॉक्टर दोन दिवस झुंजले. ती तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. मी आणि तानू तिच्याजवळ होतो. तानूने मला एका शब्दाने दोष दिला नाही. ती फक्त म्हणाली, “भावजी, म्हयनाभर त्येंनी तिला माळावर न्यून शिकीवलं. तुमास्नी सांगू नगं म्हनलं हुतं. तुमाला आवडंल म्हनून.”

त्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात गेलो तो मनाशी सगळं ठरवून. त्याला सांगायचं. वाक्यसुद्धा जुळवलं होतं: पिराजी, ते मी माझ्या मनानं लिहिलं, असं कधी झालंच नव्हतं, तुझ्या एका प्रश्नाला गप्प करायला मी दोन मिनिटांत ते रचलं. बसमध्ये शंभर वेळा घोकलं. लिहिणाऱ्या माणसाला वाक्य पाठ करावं लागावं, म्हणजे बघा.

पिराजी उशीला टेकून बसला होता. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पांढरी बोचकी. मला बघून पहिलं विचारलं, “गजरा?”

“गेली. आज पहाटे.”

त्याने तोंड भिंतीकडे केलं. डोळे पुसायला हात नव्हते, म्हणून मी माझ्या रुमालानं पुसले. मग तो म्हणाला, “बाकीच्या दूध देत्यात?”

“दोघी पान्हवत नाहीत.”

“धार काढताना त्यास्नी वाचून दाव. तुझा आवाज म्हाईत हाय.”

“पिराजी, मला तुला एक सांगायचंय...”

“मलाबी सांगायचंय,” तो म्हणाला. “माझंच चुकलं, आण्णा. म्हयनाभर सराव केला. आदी नुसतं बोळं बांदून पळीवली, मग लांब जाळ करून दावला. दोनदा बिथरली. तवाच मनात आलं, ह्ये न्हाई जमायचं, म्हस ती म्हस. सोडून देनार हुतो. मग म्हनलं, त्या तुंगाळीवाल्यांनी ऐंशी सोडल्या आन एकीला चटका न्हाई. तू कागदात बगून लिवलंयस. आन मला एक जमंना? म्हनलं, आपल्यालाच म्हशीतलं कळत नसंल.”

मी बसल्या जागी कॉटची लोखंडी नळी धरली. चाळीस वर्षं म्हशींत काढलेला माणूस. त्याला जे ठाऊक होतं ते त्याने माझ्या एका वाक्याखातर खोटं ठरवलं होतं.

“आसं कर,” तो पुढे झुकून म्हणाला. त्याच्या डोक्यात तीन दिवस हेच घोळत होतं, ते दिसत होतं. “त्यो कागद परत एकदा बग. त्येंनी पाटीवर काय टाकलं हुतं, बारदान का आनखी काय, कसं बांदलं हुतं, ते लिवलेलं आसंल. आमचं घसारलं. आता काय उपेग न्हाई, पर कळाय पायजे मला. न्हाईतर जिवाला चैन न्हाई पडायचं.”

जुळवलेलं वाक्य ओठांवर आलं होतं.

“पिराजी,” मी म्हणालो, “तसा कागद न्हाई.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मी पुढचं बोलायला तोंड उघडलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काही उमटू लागलं. मला वाटलं, कळलं ह्याला. मी वाट बघितली. शिवी देईल, तोंडावर थुंकेल, काहीही करेल, मी सगळ्याला तयार होतो.

“हरवला व्हय?” त्याने विचारलं.

आज या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. पिराजी जाऊनही चार झाली. धारा दोन्ही वेळच्या मीच काढतो. लोक विचारतात, नवीन कादंबरी कधी? मी सांगतो, म्हशींतून वेळ मिळत नाही. त्यांना ती चेष्टा वाटते. पण त्या दुपारी, त्या कॉटशी, मला एक शब्द बोलायचा होता. ‘नाही’ एवढाच. माझ्या तोंडून निघालं ते असं:

“व्हय. हरवला.”

“आरारा,” पिराजी म्हणाला. त्याने बोचक्यासारखा एक हात उचलला आणि अलगद माझ्या गुडघ्यावर ठेवला. दुखलं असणार, पण ठेवला. “एवढा जुना कागद. तुझं लई नुस्कान झालं, आण्णा.”